बाळाचा पहिला प्रवास मांडीवर नको

(हिंगोली येथे तरुण पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच एकाने विचारलं, "हिंगोलीत कार सीट? अरे, इथं सीटबेल्ट लावला तर शेजारचा विचारतो, पुढं पोलीस उभे आहेत का?" त्याचं म्हणणं खोटं नाही. या खोलीतल्या बहुतेकांच्या घरी स्वतःची कारही नाही. तरीही हा विषय आपला आहे, कारण कार नसलेल्या घरातलं बाळसुद्धा दवाखान्यातून घरी येतं ते बहुतेक वेळा कारमधूनच. त्या दिवशी कुणीतरी मित्राची स्विफ्ट मागून आणतो, कुणी भाड्याची ईको ठरवतो. बाळाच्या आयुष्यातला तो पहिला प्रवास, आणि त्याची तयारी काय, तर मिठाईचा डबा.

१९९९ साली परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. तेव्हाचे रस्ते मोठ्या माणसांना विचारा. खड्डेच असे होते की गाडीचा वेग आपोआप मर्यादेत राहायचा. आता अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड असा १६१ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाला आहे. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर करत नांदेडला जाताना गाडी ऐंशी-नव्वदवर कधी गेली ते ड्रायव्हरलाही कळत नाही. रस्ता बदलला, गाड्या बदलल्या, वेग दुप्पट झाला. बाळ मात्र अजून तिथंच आहे, नानीच्या मांडीवर, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. आणि नानी बऱ्याचदा पुढच्या सीटवर, कारण तिला मागं मळमळतं.

आपल्याला वाटतं, आईच्या किंवा नानीच्या हातांइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही. घरात ते अगदी खरं आहे. चालत्या गाडीत नाही. मी इंजिनिअर आहे, म्हणून थोडं गणित करतो. साडेतीन किलोचं बाळ आहे. गाडी ताशी पन्नासने चालली आहे आणि समोर अचानक ट्रॅक्टरची ट्रॉली आली. गाडी आदळून साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी ते साडेतीन किलोचं बाळ हातात धरून ठेवायला पन्नास किलो वजन पेलावं इतकं बळ लागतं. मोंढ्यात हळदीचं पन्नास किलोचं पोतं उचलणारा हमाल आधी पाय रोवतो, पाठ तयार करतो. इथं तयारीला वेळच नाही. डोळा मिटायच्या आत ते पोतं हातातून जातं. हा प्रेमाचा किंवा ताकदीचा प्रश्न नाही, पैलवानाच्या हातातूनही बाळ सुटेल. आणि ताशी पन्नासने आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं आहे. बाळाला मांडीवर घेऊन गच्चीच्या कठड्यावर कुणी बसेल का?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. नानीने स्वतः पट्टा लावला नसेल तर तीही पुढं फेकली जाते. मग डॅशबोर्ड आणि नानीचं शरीर यांच्यामध्ये बाळ येतं. काही जण म्हणतात, मग एकाच पट्ट्यात दोघांना घेऊ. तसं कधीही करू नका. आईचं सगळं वजन त्या पट्ट्यातून बाळाच्या पोटावर येतं. समोरची एअरबॅग तर बाळाची शत्रूच समजा. नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासमोर ती असतेच. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, मोठ्या माणसाची छाती अडवण्यासाठी बनवलेली असते, आणि बाळाच्या डोक्यावर हातोड्यासारखी बसते.

मागच्या सीटवर बसलं की धोका नाही, असंही आपल्याकडे पक्कं डोक्यात आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. गाडी महागडी होती, सगळ्या सोयींची होती. पुढं बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागं बसलेले दोघं, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो, कारण दंडाच्या भीतीने हे करावं असं मला वाटत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. कुणाला झालेला ऐकलाय? मी नाही. पण आपलेच भाऊ दुबईला, शारजाला आहेत. तिथं २०१७ पासून चार वर्षांखालच्या मुलाला सीट सक्तीची आहे आणि दंड चारशे दिरहम. तिथं तेच भाऊ मुलाला निमूटपणे सीटमध्ये बांधतात. सुट्टीवर आले, हैदराबादला विमानातून उतरले, भाड्याची इनोव्हा केली की तेच मूल मांडीवर. मुलाची मान तीच, फक्त देश बदलला.

आता सीटविषयी. नवजात बाळाची सीट उलटी बसते, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. हे पाहून आपल्या बायका म्हणतात, "बिचारं, त्याला काही दिसत नाही." त्याला तसंही हातभरापलीकडचं धड दिसत नाही. उलटं बसवण्याचं कारण मान आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. आपलं डोकं उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. एवढं जड डोकं, आणि ते पेलणारी मान अजून कूर्चेची. तोंड पुढं करून बसवलं तर धक्क्यात धड पट्ट्याने अडतं आणि डोकं पुढं झेपावतं. सगळा ताण मानेवर. उलटं बसवलं तर बाळाची पाठ, मान, डोकं सगळं मिळून सीटच्या पाठीत दाबलं जातं, धक्का वाटला जातो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकाला १९६० च्या दशकात ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांच्या आसनांवरून. यान उडताना अंतराळवीर पाठीवर टेकून असतात, कारण ते बळ पाठच झेलू शकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य सीटमुळे तान्ह्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत उलटंच बसवा असं आहे. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्याहून जास्त काळ बसवलं तरी चांगलंच.

विकत घेताना रंग बघू नका, स्टिकर बघा. सीटच्या मागं किंवा खाली नारिंगी स्टिकर असतं, त्यावर वर्तुळात ई हे अक्षर आणि आर ४४ किंवा आर १२९ हा नियमाचा क्रमांक. भारतीय मानक एआयएस ०७२ आहे. ऑनलाइन बाजारात "पाच कामं एकात" म्हणून झोपाळा, टोपली, कार सीट असं सगळं एकत्र विकतात. त्यातल्या कितीतरी वस्तूंवर असं काहीच नसतं. ती बाळाला खोलीतून खोलीत न्यायला ठीक आहे, गाडीत नाही. किती किलोपासून चालते तेही वाचा. आपल्याकडे दोन किलो, सव्वादोन किलोची बाळं जन्मतात, आणि काही मोठ्या सीटमध्ये एवढं बाळ खांद्याच्या पट्ट्यांमधून अक्षरशः घसरतं. पहिल्या वर्षासाठीची, तेरा किलोपर्यंतची छोटी सीट नवजाताला नीट बसते. साधी सीट चार-पाच हजारांपासून मिळते. रक्कम लहान नाही, मला माहीत आहे. पण अकीक्याच्या मंडपाचं आणि फुग्यांच्या कमानीचं बिल ज्यांनी भरलंय त्यांच्याशी मी यावर वाद घालणार नाही.

सीट आणली म्हणजे काम झालं असं नाही, आणि इथंच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आमच्या कामात एखादं सॉफ्टवेअर अर्धवट बसलं तर ते निदान एरर दाखवतं. चुकीची बसवलेली सीट काहीच दाखवत नाही. बाळ त्यात गोड दिसतं, फोटो निघतो, आणि अपघाताच्या दिवसापर्यंत कुणाला काही कळत नाही.

तर बसवताना: मागची सीट, तोंड मागं. काही सीट लोखंडी कड्यांत अडकतात. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घाला, कड्या असतील तर बोटांना लागतील. यालाच आयसोफिक्स म्हणतात. कड्या नसतील तर गाडीच्या पट्ट्यानेच सीट बांधायची, पण तो कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा हवा. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो. बहुतेक सीटना तो चालत नाही. उलट्या सीटचा पट्टा कुठून न्यायचा ते निळ्या खुणांनी दाखवलेलं असतं. बांधून झालं की पट्टा जिथून जातो तिथं सीट धरून हलवा. इंचभराहून जास्त हलली तर सोडा आणि पुन्हा बांधा. सीटवर गुडघा टेकवून दाब देत पट्टा ओढला की घट्ट बसतो. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, घाम येईल. म्हणून हे काम बाळंतपणाच्या आधी, आठव्या महिन्यातच करा. दवाखान्याच्या दारात, मागून हॉर्न वाजत असताना, पुस्तिका उघडायची नाही.

मग बाळाला बसवणं. आपल्याकडे बाळ गुंडाळल्याशिवाय कुणी हातात देत नाही. टोपडं, झबलं, स्वेटर, त्यावर दुपटं, वर शाल. या गाठोड्यावरून पट्टे बांधले तर ते घट्ट वाटतात. धक्का बसला की कापूस दबतो, पट्टे सैल होतात आणि बाळ त्यातून निसटतं. म्हणून बाळाला पातळ कपड्यांत, पाय मोकळे ठेवून बसवायचं. मधला पट्टा दोन पायांच्या मधून. खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून आले पाहिजेत. पट्टा ओढल्यावर खांद्याजवळ चिमटीत धरून बघा. चिमटीत चुणी आली तर अजून सैल आहे. थंडी असेल तर दुपटं पट्ट्यांच्या वरून, छातीपर्यंत घाला. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी असते ना, ती सीटमध्ये ठेवायची नाही. तिच्यामुळे डोकं पुढं ढकललं जातं. सीटसोबत आलेली गादी सोडून बाहेरचं काहीच आत नको. गळ्यातला ताईत आणि काळा दोरा प्रवासापुरता काढून ठेवा. श्रद्धेवर मी बोलत नाही, पट्टे असलेल्या जागेत तान्ह्या गळ्याभोवती दुसरा दोरा नको एवढंच.

डोकं कुठं पडतं यावर लक्ष ठेवा. सीट फार उभी असेल तर झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि त्याची श्वासाची नळी दबते. नवजात बाळ त्यावेळी रडतही नाही, गप्प होतं, आणि आपल्याला वाटतं छान झोपलंय. सीट साधारण पंचेचाळीस अंशात मागं कललेली हवी. बहुतेक सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली की कल बरोबर. गाडी सपाट जागी उभी करून बघा. आई मागच्या सीटवर बाळाच्या शेजारी बसेल, स्वतःचा पट्टा लावून. तिने बाळाचा चेहरा आणि छाती बघत राहायचं, मोबाईल नाही.

ब्रिस्टल विद्यापीठाने २०१६ मध्ये नवजात बाळांना सीटमध्ये अर्धा तास ठेवून त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजला. गाडीसारखे हादरे दिल्यावर तो कमी झालेला दिसला. तेव्हापासून पहिल्या काही आठवड्यांत एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नका, पुढंही सलग दोन तासांवर जाऊ नका, असा सल्ला दिला जातो. नांदेडहून हिंगोलीला यायला दीड-दोन तास लागतात. म्हणजे अर्धापूरला एकदा थांबा, वारंगा फाट्याला एकदा, कळमनुरीला एकदा. दर वेळी बाळाला बाहेर काढा, आडवं करा, दूध पाजा. चालत्या गाडीत पाजायला काढायचं नाही. वेळेआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळाला सीटमध्ये बसवावं का, हे सुट्टी घेण्याआधी बालरोगतज्ज्ञालाच विचारा.

माझ्यासारखे पुण्यात नोकरी करणारे इथं बरेच आहेत. बायको बाळंतपणाला माहेरी, चिल्ला झाला की नवरा गाडी घेऊन येतो आणि दहा-अकरा तास मारून रातोरात पुणं गाठतो. चाळीस दिवसांच्या बाळासाठी हा प्रवास मला पटत नाही, सीट कितीही चांगली असली तरी. पूर्णा किंवा नांदेडहून रेल्वेने जा, बाळ बर्थवर आईशेजारी आडवं राहील. गाडीनेच जायचं असेल तर मध्ये मुक्काम करा. आणि आपला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीत बक्कल इतकं तापतं की बोट ठेववत नाही. आधी गाडी थंड करा, बक्कल हाताने तपासा, मगच बाळ. दोन मिनिटांसाठीसुद्धा बाळाला बंद गाडीत सोडायचं नाही. घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटसकट पंख्याखाली ठेवून देतात, तेही नको. त्याला गादीवर पाठीवर झोपवा.

आता सगळ्यात अवघड भाग. बाळ रडणार. कळमनुरीच्या पुढं कुठंतरी ते बेंबीच्या देठापासून रडेल आणि गाडीतली सगळी माणसं एकसुरात म्हणतील, "काढ गं त्याला, कशाला बांधून ठेवलंय!" त्या गाडीत सगळ्यात कमी अधिकार कुणाला असतो? नुकतीच बाळंत झालेल्या सुनेला. टाके दुखताहेत, झोप नाही, आणि सासूला नाही म्हणायचं कामही तिचंच. इथं बसलेल्या भावांना मी स्पष्ट सांगतो, हे काम तिचं नाही, तुमचं आहे. तुमच्या अम्मीशी तुम्ही बोला, आणि प्रवासाच्या दिवशी नाही, महिनाभर आधी. रडणाऱ्या बाळासाठी गाडी बाजूला थांबवता येते, दहा मिनिटं उशीर होतो, बाकी काही बिघडत नाही. अम्मी म्हणतील, "आम्ही तुम्हाला असंच आणलं, अल्लाह मालिक है." तेव्हा त्यांना चिडून उत्तर देऊ नका. त्यांनी तुम्हाला एसटीतून किंवा बैलगाडीतून आणलं होतं, नव्वदच्या वेगाने नाही. उंट बांधण्याची हदीस तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, अम्मींनाही आहे.

आणि ज्यांच्याकडे कार नाही, सीटही नाही? सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आई-बाळाला घरी सोडायला गाडी मोफत आहे. ही सोय २०११ पासून आहे. १०२ क्रमांक लावा, सुट्टीच्या आदल्या दिवशीच वॉर्डात सांगून ठेवा. खासगी गाडीच करावी लागली तर तीन बिंदूंचे पट्टे असलेली ठरवा. मागून घेतलेली सीट भाड्याच्या गाडीतही बांधता येते. सीट मिळालीच नाही तर मागच्या सीटवर आई पट्टा लावून, बाळ त्या पट्ट्याच्या बाहेर तिच्या हातात, वेग चाळीसच्या आत, जवळचा रस्ता. याला मी सुरक्षित म्हणत नाही. कमी वाईट म्हणतो. ओढणीची झोळी किंवा छातीवर बांधायची पिशवी चालायला चांगली, अपघातात ती काही कामाची नाही.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये तान्हं बाळ घेऊन दीड महिन्याच्या डोसला जाणारे तर रोज दिसतात. २०२३ पासून दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला अंगाला बांधायचा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढं हेल्मेट हवं आणि वेग चाळीसच्या वर नको, असा नियम आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाच्या मानेला हेल्मेटचं वजनच झेपत नाही, त्यामुळे त्याला दुचाकीवर नेऊच नये. लसीकरणाचा दिवस गावातल्या अंगणवाडीतही असतो, आशाताईंना विचारा, चालत जाता येईल.

माझा एक प्रस्ताव आहे. आपल्या जमातखान्यात डेगी, सतरंज्या, ताटं असतात. लग्न असो की मय्यत, कुणीही नेतं आणि धुऊन परत आणतं. तशाच दोन नवजात सीट का असू नयेत? एका बाळाला ती वर्षभर लागते, पण ज्याला फक्त घरी येण्यापुरती हवी त्याला ती दोन दिवस पुरे. अट एकच, वही नीट ठेवायची. सीट कधी बनली ती तारीख प्लास्टिकवर छापलेली असते आणि ती किती वर्षं वापरायची हेही कंपनी सांगते. ते आधी वहीत लिहा. कोणी नेली, कधी आणली, गाडीला काही लागलं का, हे प्रत्येक वेळी लिहा. अपघातातली सीट वरून धड दिसली तरी पुन्हा कुणाला द्यायची नाही, पट्टे कापून टाकायचे. याच कारणाने जुन्या बाजारातली, इतिहास माहीत नसलेली सीट घेऊ नका. कापड धुवा, पट्टे मात्र ओल्या फडक्याने नुसते पुसा. पुस्तिका दोऱ्याने सीटलाच बांधून ठेवा, ती सगळ्यात आधी हरवते.

बाहेर अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत. एकीत कड्या आहेत, दुसरी जुनी आहे आणि तिच्यात फक्त पट्टे. झबल्यात तीन किलो तांदूळ भरून बाळही तयार केलंय. ज्यांच्या घरी येत्या दोन महिन्यांत बाळ येणार आहे त्यांनी आधी या आणि स्वतःच्या हाताने बसवून बघा, मी फक्त हलवून तपासणार. सोबत नानी-दादी आल्या असतील तर त्यांना पुढं उभं राहू द्या.